घरच्यांना कशाला सिग्नल?

तेंग थाओला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसला होता, आणि कमरेच्या वर तेवढाच डॉक्टर होता. वर निळा ब्लेझर, कडक इस्त्रीचा शर्ट, नीट बांधलेला टाय. खाली सायकलवाल्यांची काळी चड्डी... आणि एकाच पायात मोजा.

कॉलेजच्या लायब्ररीत दुसऱ्या मजल्यावर ती खोली आहे. एक टेबल, एक खुर्ची, एक मोठी खिडकी आणि अख्ख्या मिलवॉकीतलं सगळ्यात भरवशाचं इंटरनेट. ऑक्टोबरपासून शेवटच्या वर्षाची मुलं तिथे पाळीपाळीने बसतात आणि पडद्यावरच्या अनोळखी डॉक्टरांना पटवतात, की आम्हाला तुमच्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीला, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाला, घ्या. त्या दिवशी दहाची वेळ माझ्या नावावर होती.

"ही माझी वेळ आहे," मी म्हटलं.

"माझीसुद्धा," तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "दहाला पोर्टलंडचे लोक येतायत. आत्ता, कुठल्याही क्षणी."

"पोर्टलंड म्हणजे ओरेगनमधलं?"

"हो."

"त्यांचे दहा म्हणजे आपले बारा."

त्याने पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मनात नकाशा उलगडत असावा. मग त्याने टाय हळूच सैल केला. "म्हणजे मी... दोन तास लवकर आलो."

"उशिरा येण्यापेक्षा बरं. ऊठ आता."

"उठतो. पण तू जरा तिकडे बघ. खालची बाजू अजून तयार व्हायचीय."

मी तिकडे बघितलं. अगदी पूर्ण तिकडे बघितलं असं मात्र शपथेवर सांगणार नाही.

खुर्चीत बसले, लॅपटॉप उघडला आणि बघते तर पडद्यावर माझा चेहराच नाही. शहराला लागून असलेल्या सरोवरावरून येणारं सकाळचं ऊन पाठीमागच्या खिडकीतून थेट आत येत होतं. पडद्यावर होती ती नुसती काळी आकृती, दोन कान असलेली. खिडकीचा पडदा मोडलेला, टेबल जमिनीला स्क्रूने ठोकलेलं. मुलाखतीला दोन मिनिटं.

तो दारातून परत आला. काही विचारलं नाही. पिशवीतून पांढरा कोट काढला, खिडकीच्या कट्ट्यावर चढला आणि दोन्ही हात वर करून कोट काचेवर धरला. माझा चेहरा उजळला... म्हणजे पडद्यावर.

"बोल तू," कोटामागून आवाज आला. "मी नाहीच आहे इथे."

समोर डेन्व्हरचे एक म्हातारे डॉक्टर आले. अपयशाबद्दल विचारलं, मी पाठ केलेलं अपयश सांगितलं. संघात काम करण्याबद्दल विचारलं, तेही सांगितलं. शेवटी त्यांनी चष्मा वर केला.

"मिस पॉवलक, तुमच्या मागे खिडकीला... बोटं आहेत का?"

"आहेत सर. पडदा मोडलाय. एक सहाध्यायी धरून उभा आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या पहिल्या प्रश्नापासून."

"मग शेवटचा प्रश्न त्याला. काय हो, सहकारी म्हणून ही मुलगी तुम्हाला चालेल?"

"मला तिने आत्ताच खुर्चीतून उठवलं, सर," कोट म्हणाला. "पण चालेल."

एकाच वर्गात असून चार वर्षांत आम्ही कधी बोललो नव्हतो. वर्ग मोठा, आणि मी काही बोलकी नाही. माझ्याबद्दल लोक म्हणतात, जोसी पॉवलक फार थंड आहे. मला ते वाईट वाटत नाही. मिलवॉकीत थंडीची सवय असते.

*

उपकार फेडायचे म्हणून मी त्याला कस्टर्ड, म्हणजे आमच्याकडचं घट्ट आइस्क्रीम, खायला नेलं. बाहेर अर्धवट बर्फ, अर्धवट पाऊस असलं काहीतरी पडत होतं, आणि अशा हवेतही आमच्या गावची माणसं थंडगार कस्टर्डच्या रांगेत उभी राहतात. तेंगने अक्रोडाचं घेतलं. मी साधं.

कॉलेजने एक पाहणी काढली होती. मुलाखत पडद्यावर आवडते की समोरासमोर, ते सांगा. ती भरून दिली नाही तर रोज आठवणीचा मेल येई, म्हणून आम्ही तिथेच भरायला घेतली.

"पडदा," मी म्हटलं. "विमानाचा खर्च नाही, हॉटेल नाही, बूट चावत नाहीत. वीस मिनिटांत संपतं. बंद करून टाकलं की माणूस मोकळा."

"हेच तर! बंद करून टाकलं की माणूस मोकळा." तेंगने चमचा माझ्यावर रोखला. "अगं, त्या हॉस्पिटलात तू तीन वर्षं राबणार. तिथल्या नर्स हसतात की नाही, ते बघायला नको? जेवणाच्या रांगेत मोठे डॉक्टर पुढे घुसतात का, ते बघायला नको?"

"पडद्यावर पण कळतं."

"काय कळतं?"

"तुझं कळलं की. वर ब्लेझर, खाली चड्डी."

"ते पडद्यावर नाही कळलं, डॉक्टरीणबाई. ते समोरासमोर कळलं."

मी कस्टर्ड खाल्लं. तो मात्र हसताना डोळे बारीक करून माझ्याकडेच बघत राहिला, आणि मला त्या गारव्यात उगाचच कानाशी गरम वाटलं. त्याने पाहणीत लिहिलं 'समोरासमोर'. मी 'पडद्यावर'. मग दोघांनीही एकमेकांची उत्तरं चुकीची आहेत असा शेरा मारला.

त्यानंतर तो भेटतच राहिला. कधी लायब्ररीत, कधी वॉर्डाबाहेर कॉफीच्या यंत्रापाशी. दर शुक्रवारी माझ्या बाबांच्या बारमध्ये. बाबांचा बार शहराच्या दक्षिण भागात आहे. शुक्रवारी तळलेली मासळी, बटाट्याची धिरडी, राय धान्याचा पाव. मी लहानपणापासून तिथली 'टेडची पोर' आहे. डॉक्टर झाले तरी 'टेडची पोर डॉक्टर झाली' एवढंच होणार. म्हणून मला जायचं होतं, लांब. पॅसिफिकपर्यंत. पोर्टलंड हे माझं स्वप्न होतं, आणि तिथली मुलाखत मलाही आली होती.

तेंगचं उलट. त्याची आई शनिवारच्या बाजारात भाजी विकते. आमच्या हॉस्पिटलात आशियातून आलेली, तेंगच्याच समाजाची म्हातारी ह्मोंग माणसं येतात, इंग्रजी येत नाही, तेव्हा 'थाओला बोलवा' असा निरोप जातो. पेशंटशी बोलायचा हक्काचा माणूस तो. त्याला इथेच राहायचं होतं, आमच्याच हॉस्पिटलात, मेडिसिनला. एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात हवी होती, निदान तेव्हा तरी.

*

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तो आला तो मासळीला हात न लावता बसून राहिला.

"इथली मुलाखत आली तुला?" त्याने विचारलं.

"आली. पाच डिसेंबर. तुला?"

"नाही."

मला वाटलं थट्टा करतोय. त्या हॉस्पिटलात दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्यालासुद्धा त्याच्या आईचं नाव ठाऊक.

"आज हॉल्वर्सन मॅडम जिन्यात भेटल्या," तो म्हणाला. डॉ. हॉल्वर्सन म्हणजे तिथल्या रेसिडेन्सीच्या प्रमुख. "खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, 'मग तेंग, कुठे चाललास? पश्चिमेला वाटतं? तुझी आठवण येईल रे आम्हाला.' जोसी, त्यांना वाटतंय मी चाललोय!"

"तू त्यांना सिग्नल कुठला दिलास? सोनेरी ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "घरच्यांना कशाला सिग्नल?"

झालं. माझ्या हातातला काटा तसाच राहिला.

अर्ज सगळेच सगळीकडे करतात. हजारोंनी येतात. त्यातलं खरं कोण, हे कळावं म्हणून आम्हाला मोजके सिग्नल मिळतात. थोडे सोनेरी, जिथे जीव अडकलाय त्यांना. काही रुपेरी, जिथे बरं वाटेल त्यांना. ज्याचा सिग्नल नाही त्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी उघडतसुद्धा नाहीत. आणि ऑगस्टच्या सभेत मार्गदर्शक बाईंनी तीनतीनदा सांगितलं होतं, की आपल्या स्वतःच्या हॉस्पिटलालाही सिग्नल द्या. घरचे आहेत म्हणून गृहीत धरू नका.

"मी नव्हतो त्या सभेला," तेंग म्हणाला. "एका आजीबाईंना तपासत होते, दुभाषा मिळेना. मला वाटलं, ज्यांना माहीतच आहे त्यांच्यावर कशाला वाया घालवायचा? लांबच्यांना सांगावं लागतं. सोनेरी तीनही लांब दिले."

"आणि मी," मी म्हटलं, "जिला इथून पळायचंय, तिने इथे सोनेरी दिलाय. बाई म्हणाल्या, हाताशी असू दे."

तो हसला. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मला ते बघवेना. मी बाबांकडून त्याच्यासाठी गरम धिरडी मागवली. एवढंच जमलं.

"सोमवारी मॅडमकडे जा," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगू? की मी मूर्ख आहे?"

"हो. आणि मला इथे राहायचंय असंही सांग. स्वच्छ, सरळ. अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. त्यांना काय स्वप्न पडणारेय?"

"इतकी वर्षं राबतोय ते दिसत नाही?"

"दिसतं. पण दिसणं वेगळं आणि सांगणं वेगळं. माणसाला सांगावं लागतं, तेंग."

किती ठामपणे म्हटलं मी हे! लोका सांगे ब्रह्मज्ञान...

तो गेला. मॅडमनी कपाळाला हात लावला म्हणे. "अरे, मग बोलायचंस ना! आता सगळ्या जागा भरल्या. कुणी मुलाखत सोडली तर पहिला फोन तुला."

*

आमच्यात एक रीत आहे. जिथे जायचं नाही तिथली मुलाखत धरून ठेवू नये. दुसऱ्या कुणाच्या तरी ती कामी येते. सगळे ही रीत मानतात, आणि थोडेच पाळतात.

मी दोन ओळींचा मेल लिहिला. पाच डिसेंबरची माझी मुलाखत रद्द करावी, आभार. पाठवून टाकला. पाठवल्यावर मात्र बराच वेळ कॉफीचा कप नुसता धरून बसले.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस," बाबा ग्लास पुसत म्हणाले. "कुठेच नाही मिळालं तर?"

"मिळेल."

"त्या थाओच्या पोरासाठी केलंस?"

"मला इथे राहायचं नाही, बाबा. म्हणून केलं," मी त्यांच्या हातातल्या ग्लासाकडे बघत म्हटलं.

"तुझी आई पण अशीच खोटं बोलायची," ते म्हणाले. "ग्लासाकडे बघत."

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. मला जायचं होतं, हे खरं. तो राहावा असं वाटत होतं, हेही खरं. आणि त्या मेलने इथे त्याच्याबरोबर राहायचा माझा रस्ता मी स्वतःच बंद केला होता. हे त्याला सांगायचं माझ्या मनात आलंच नाही. वाटलं, कळेलच की.

पाच डिसेंबरला संध्याकाळी तो बारच्या दारात उभा राहिला. बर्फ पडत होतं. तोच ब्लेझर, तोच टाय, या वेळी पँटसुद्धा. पापण्यांवर बर्फाचे कण अडकले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"छान झाली मुलाखत," तो म्हणाला. "समोरासमोर घेतली. मॅडम म्हणाल्या, आता पुन्हा गप्प बसू नकोस."

"वा!"

"आज तुझी होती ना, जोसी? पाच तारीख. तूच सांगितली होतीस. तिथे सगळे होते. तू नव्हतीस."

मी टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छ होतं.

"का सोडलीस?"

"नको होती."

"एवढंच?"

"एवढंच."

तो जवळ आला. इतका, की त्याच्या कोटातून बर्फाचा गार वास आला. "मला पोर्टलंडनेही पसंत केलंय बहुतेक. पसंतीची यादी फेब्रुवारीत द्यायची. मी पोर्टलंड पहिलं टाकू? तू नुसतं म्हण. मी टाकतो."

ओठांपर्यंत आलं होतं. टाक... ये माझ्याबरोबर... पण मला दिसत होत्या त्या आजीबाई, दुभाष्याची वाट बघत खाटेवर बसलेल्या. दिसत होता तो, पोर्टलंडच्या पावसात, दोन वर्षांनी, माझ्यावर न चिडण्याचा प्रयत्न करणारा.

"तुझं काम इथे आहे," मी म्हटलं. "मिलवॉकीच पहिलं टाक."

"मी कामाचं नाही विचारलं."

मी फडक्याची घडी घातली. शेवटी म्हटलं, "तुझे बूट ओले झालेत."

त्याने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." आणि बसला, मासळी मागवली, बाबांशी फुटबॉलवर बोलला. तो असा होता म्हणूनच तो... असो.

*

मार्चमध्ये निकाल लागले. त्याला मिलवॉकी, मला पोर्टलंड. दोघांनाही पहिली पसंती मिळाली. लोकांनी मिठ्या मारल्या, टोप्या उडवल्या. त्याने मला उचलून गोल फिरवलं आणि खाली ठेवताना जरा जास्तच सावकाश ठेवलं. आम्ही दोघंही फार आनंदात होतो. इतके, की एकमेकांकडे बघणं टाळत होतो.

वसंतात आम्ही सरोवराच्या काठाने मैलोनमैल चाललो. त्याचा हात कधी माझ्या हातात आला, ते नेमकं सांगता येणार नाही. कुणीच काही म्हटलं नाही. जूनमध्ये मी जाणार, हे दोघांना ठाऊक होतं. ठाऊक असलेलं बोलायचं कशाला?

जूनच्या त्या सकाळी गाडी भरून झाली. तेंगने मागच्या सीटवर माझी पुस्तकं दोरीने बांधली, गाठ दोनदा तपासली. त्याच्या आईने भरपूर स्प्रिंगरोल दिले होते, अर्ध्या वाटेवरचं मोंटाना येईपर्यंत पुरतील इतके. बाबा पायरीवर उभे होते.

"मग काय ठरलं तुमचं दोघांचं?" बाबांनी विचारलं. सरळ. बार चालवणारा माणूस आडून विचारत नाही.

मी गाडीचा आरसा नीट करायला लागले.

"माझं ठरलंय, मिस्टर पॉवलक," तेंग म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा. "माझं प्रेम आहे तिच्यावर. ती तीन वर्षांनी परत येवो, न येवो. तिचं काय ठरलंय ते मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही."

बाबा माझ्याकडे बघत होते. तो बघत नव्हता. तो दोरीकडे बघत होता.

आणि मी काय केलं? त्याला मिठी मारली, घट्ट, आणि म्हणाले, "पोचल्यावर कळवते." मग गाडीत बसले आणि निघाले. मी अशीच आहे, असं स्वतःला सांगत निघाले.

वेशीबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढे रस्ता धूसर व्हायला लागला. आधी वाटलं काच खराब आहे. काच पुसणारे दांडे चालू केले... कोरड्या काचेवर करकरत फिरले. मग कळलं, मी रडतेय. चांगली हुंदके देऊन. मॅडिसन आलं, गेलं, तरी थांबेना. मी त्याला इथे ठेवून चालले होते, ते बरोबरच होतं. पण काहीच न सांगता चालले होते. त्याच्यासाठी मुलाखत सोडली, न सांगता. त्याला यादीत मिलवॉकी पहिलं टाकायला लावलं, न सांगता. आठ महिने तो माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि मी धरून चालले होते की त्याला माहीतच आहे.

टाकी भरलेली असूनही मी एका पेट्रोलपंपावर वळले आणि फोन लावला.

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"तेंग, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी परत बुटांचं काहीतरी बोलेन." मी श्वास घेतला. "मुलाखत मी तुझ्यासाठी सोडली होती. थोडी माझ्यासाठी पण. तू पोर्टलंड विचारलंस तेव्हा मला 'हो' म्हणायचं होतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मी पोर्टलंडला जाणार, आणि ते तिथेही असणार. तुला माहीत असेल म्हणून मी..."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "खरंच नव्हतं गं. वाटायचं, पण माहीत नव्हतं."

पंपावर एक ट्रक येऊन उभा राहिला.

"कुठे आहेस?"

"मॅडिसनच्या पुढे."

"तिथेच थांब. मी निघालोय."

"अरे, दीड तास लागेल!"

"मग दीड तास थांब."

मी गाडी कडेला, झाडाच्या सावलीत लावली. स्प्रिंगरोलचा डबा बॉनेटवर ठेवला आणि तिथेच बसले. थोड्या वेळाने पंपावरच्या दुकानातल्या बाई बाहेर आल्या. माझे सुजलेले डोळे, भरलेली गाडी, सगळं त्यांनी एकदा बघून घेतलं.

"काही अडचण आहे का, पोरी? कुणी येणार आहे का तुला घ्यायला?"

"घ्यायला नाही," मी म्हटलं. "पण माझा माणूस येतोय."